हॉलंड, व्हाया दिवाडी

सगळी भानगड साडूंच्या फोटोंमुळे झाली. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, वय 67, पुण्यात राहतात, गुडघ्याला पट्टा, जिना चढताना मधे एकदा थांबून पंचांगातली तिथी वगैरे विचारतात म्हणजे दम लागलाय हे कळू नये. तर हे गृहस्थ फोटोत हेल्मेट घालून सायकलवर, मागे पवनचक्की, शेजारी कालवा आणि कालव्यात एक लांबलचक बोट. ताई शेजारी दुसऱ्या सायकलवर, गॉगल लावून. खाली मेसेज, ‘बाईक अँड बार्ज, दिवस तिसरा, मज्जा!’

मग रात्री ताईंचे व्हॉइस मेसेज आले, एकेक चार मिनिटांचा. हॉलंडमधे म्हणे जुन्या मालवाहू बोटी असतात ना, त्यांच्याच खोल्या खोल्या करून तरंगती हॉटेलं केलीत. वीसेक माणसं मावतात, बहुतेक सगळी आपल्या वयाची. सकाळी बोटीवर नाश्ता करायचा, तिथल्याच टेबलावरनं आपापलं सँडविच बांधून घ्यायचं, दिवसभर तीस ते पन्नास किलोमीटर सायकल मारायची आणि तोवर बोट आपलं सामान घेऊन कालव्याने पुढच्या गावाला जाऊन थांबते. संध्याकाळी तुम्ही पोचलात की बोट हजर, आंघोळ, जेवण, झोप. पूल ठेंगणे असले तर कॅप्टनची केबिनच खाली घडी होते. रस्त्यावर चौकाचौकात नंबर लावलेत, आज 24 वरनं 31 ला मग 58 ला एवढं कागदावर लिहून घेतलं की झालं, कुणाला पत्ता विचारायला नको. आणि देश इतका सपाट की चढ म्हणजे फक्त पूल. ‘वारा मात्र समोरून असतो हां,’ असं एक वाक्य शेवटच्या मेसेजच्या शेवटी होतं पण त्यावर कुणी फार बोललं नाही.

ही फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला 36 वर्षं झाली, या बघण्याचा अर्थ मला कळतो.

मी आपला हिशोब मांडला. शेंगेन व्हिसा माणशी 90 युरो, तो नुसता अर्ज करायला, मग विमान, मग ती तरंगती खोली, पेन्शनमधे बसत नाही हे सांगायचं सोडून मी म्हटलं, ‘अगं गोव्यात काय नद्या कमी आहेत?’

हे वाक्य मी बोललो नसतो तर आज खुर्चीवर सरळ बसून हे टाईप करत असतो.

आता गोव्यात बार्ज म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडे बार्जमधे माणसं झोपत नाहीत, खनिज झोपतं. डिचोली-सांखळीच्या खाणींवरचं लाल माती-खनिज भरून मांडवीतनं, झुआरीतनं मुरगावच्या बंदराकडे जाणारं लोखंडी धूड म्हणजे बार्ज. भरलेला असला की पाणी अगदी काठापर्यंत, लांबनं बघणाऱ्याला वाटावं लाल डोंगरच पोहत चाललाय. 2012 ला खाणी बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, 2018 ला परत बंद झाल्या, तेव्हा हे बार्ज वर्षानुवर्षं नदीत गंज खात उभे होते. मी बँकेत होतो, बार्जच्या कर्जाच्या फायली मी पाह्यल्यात, त्यामुळे ‘बार्जवर सुट्टी’ म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. पण फेरीबोट आहे ना. फेरीबोट माणसांची, सरकारची, आणि सायकलवाल्याला फुकट. मधे 2023 ला स्कूटर-मोटारसायकलींना पैसे लावायचं घाटत होतं, लोक भडकले तेव्हा ते मागे पडलं, सायकलचं नाव तर कुणी घेतलंच नव्हतं, बहुतेक सायकल घेऊन फेरीत कोण जातं हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

प्लॅन मी केला. पूर्ण प्लॅन मी केला हे मी कबूल करतो कारण पुढे ते लागणार आहे. फोंड्याहून गाडीने जुने गोवे, भाच्याकडनं उसना आणलेला तो मागे सायकली टांगायचा रॅक, तिथनं फेरीने दिवाडी बेट, ते आडवं पार करून दुसऱ्या टोकाची फेरी धरायची ती नार्व्याला, नार्व्याहून मयेच्या बाजूने चोडण आणि चोडणहून तिसरी फेरी रायबंदरला. तीन फेऱ्या, दोन बेटं. कागदावर नंबर पण घातले, 1 ते 9. हिला दाखवलं, ही म्हणाली छान आहे. सोमवार ठरवला कारण रविवारी दिवाडीला पिकनिकवाले असतात.

सायकली दोन. हिची जुनी लेडीज सायकल, बिनगियरची, पुढे टोपली, हिने शाळेत मास्तरीण असताना वीस वर्षं चालवलेली. आणि माझ्यासाठी भाच्याची, 21 गियरची. मी शेवटची सायकल चालवली ती कॉलेजात, पण सायकल कुणी विसरत नाही म्हणतात. ते खरं आहे. डोकं विसरत नाही. बाकीचे अवयव काय म्हणतात ते कुणी विचारलेलं नाही. भाच्याने एक चड्डी पण दिली, आतून गादी असलेली. ‘मामा, हिच्याशिवाय जाऊ नका.’ घरात घालून बघितली तर चालताना मधे कुणीतरी उशी ठेवल्यासारखं वाटत होतं, मी बदकासारखा स्वयंपाकघरात गेलो तर ही पोळ्या लाटता लाटता इतकी हसली की पोळीचा नकाशा झाला. लोकांसमोर नुसती चड्डी कशी घालायची म्हणून मी वरनं पँट घातली. वाचकांनी हे लक्षात ठेवावं, पुढे देवळात उपयोगी पडेल.

डिसेंबर, सकाळी साडेसात. गाडी जुन्या गोव्यात सावलीत लावली, व्हाइसरॉयच्या कमानीखालून सायकली हातात धरून धक्क्यावर. फेरी अर्ध्या अर्ध्या तासाने सुटते, म्हणजे आपण पोचायच्या अर्धा मिनिट आधी. ती गेली, पुढची आली. आता फेरीत चढणं ही काय चीज आहे ते हॉलंडला कळायचं नाही. धक्क्याचा उतार ओला, त्यावर हिरवं शेवाळ, समोर साखळदंडाने खाली येणारी लोखंडी फळी, ती सिमेंटला टेकते न टेकते तोच आतनं चाळीस स्कूटरी एकदम सुटतात आणि तेवढ्याच बाहेरच्या आत घुसायला बघतात. या गर्दीत एक 63 वर्षांचा माणूस, पायात गादी, हातात ज्याच्या ब्रेकवर त्याचा विश्वास नाही अशी सायकल, उतारावर. मी सायकलला धरलं होतं की सायकलने मला हे सांगता यायचं नाही. ही केव्हाच आत जाऊन कठड्याला सायकल टेकवून मासेवालीशी गप्पा मारत उभी.

माझ्या शेजारी एक स्कूटरवाला, तिशीचा, हेल्मेट कोपरावर लटकवलेलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सायकल बघितली, आणि अगदी मनापासून विचारलं,

‘कितें पात्राव, पेट्रोल सोंपलें?’ पात्राव म्हणजे मालक.

मी त्याला सगळं सांगायला लागलो, हॉलंड, बार्ज, कालवा, साडू. तो नीट ऐकत होता. मी हॉलंडच्या पुलांपर्यंत पोचलो तोवर दिवाडी आली. पाच मिनिटं. संपली आमची क्रूझ. हिने मधे फोटो काढला त्यात निम्मा मी आणि निम्मा मागून जाणारा रिकामा बार्ज, तो तिने लगेच ताईला पाठवला, खाली लिहिलं, ‘बाईक अँड बार्ज, दिवस पहिला.’

दिवाडी मात्र सुंदर आहे, त्यात शंका नाही. अजून पूल नाही म्हणून सुंदर आहे असं काही लोक म्हणतात, तिथे राहणारे आणि रात्री आजारी पडणारे काय म्हणतात ते वेगळं. फेरीतनं उतरलं की दोन्ही बाजूला खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची सखल शेतं, मधनं बांधावरचा सरळ रस्ता, बगळे, कुठेतरी भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची मानस. सपाट! मी हिला म्हटलं बघ, हॉलंडच. तिकडे पण समुद्राला बांध घालूनच जमीन राखलीय, आपल्या गावकऱ्यांनी पण खारं पाणी अडवूनच भातशेती केली, फरक काय. दहा मिनिटं मी ऐटीत होतो, एक हात सोडून बगळे वगैरे दाखवत होतो.

तेवढ्यात मागनं पों-पों. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला. मागे पावाची भली मोठी टोपली, त्यावर निळं प्लॅस्टिक, सायकल माझ्या जन्माच्या आसपासची, गियर शून्य. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षं लहान असेल फार तर. तो असा गेला की माझी सायकल उभी आहे असं वाटावं. वर जाता जाता हॉर्न वाजवून पोई हवी का पण विचारली. मी हो म्हणायला तोंड उघडलं पण त्यात श्वासच इतका होता की शब्दाला जागा नव्हती. ही पुढे त्याच्या बरोबरीने चालवत चालवत चार पोई घेऊन, सुटे मोजून, टोपलीत टाकून मोकळी झाली. चालत्या सायकलवर! 36 वर्षं मी या बाईला सुटे शोधताना बघितलंय दुकानात दहा मिनिटं.

मग पियेदादची घाटी आली. चर्च वर, रस्ता वर, आणि हॉलंड तिथे संपलं.

भाच्याने सांगितलं होतं मामा चढावर गियर हलका करायचा. कुठला हात, डावा की उजवा, हे सांगितलं होतं पण ते घरी. मी दोन्ही एकदम फिरवले. कड् कड् कटक् असा आवाज झाला, पेडल एकदम मोकळं फिरलं, पोट हँडलवर, आणि चेन लोंबायला लागली. रस्त्याच्या कडेला एका बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, एक म्हातारा ‘ग्रासास आ देउस’सारखं काहीतरी पुटपुटला, मला वाटतं ते देवाचे आभार होते, सकाळी सकाळी करमणूक पाठवल्याबद्दल.

ही परत खाली आली. काही बोलली नाही हे विशेष. सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. कडेच्या काजूचं एक पान तोडलं, दुमडून बोटांत धरलं म्हणजे ग्रीस लागायला नको, मागची ती छोटी दातेरी चाकं असतात ना लोंबणारी, ती एका बोटाने पुढे ढकलली, चेन ढिली झाली, पानाने उचलून सगळ्यात लहान चाकावर ठेवली आणि दुसऱ्या हाताने पेडल एकदा फिरवलं. चेन आपसूक जाऊन बसली. पान टाकून दिलं. हात स्वच्छ. मी मदत म्हणून फक्त चेन धरली होती त्यामुळे माझे दोन्ही हात काळे, नंतर कपाळ पुसलं त्यामुळे कपाळ पण.

‘हे तुला कधीपासून येतं?’

‘शाळेतल्या पोरांच्या सायकली कोण नीट करायचं? हेडमास्तर?’

घाटी ढकलत चढलो. हॉलंडमधे ई-बाईक मिळतात म्हणे, बटण दाबलं की मागनं कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. मला पण मागनं कुणीतरी ढकलल्यासारखं वाटत होतं, हीच ढकलत होती.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. ही जागा मला मनापासून आवडते. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बाजूला, दिवाडीवर होतं, कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी ते पाडलं तेव्हा लोकांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि पुढे 1668 ला शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावरनं चाललो होतो त्याच पाण्यावरनं देव गेला असणार, रात्रीचा, लपवून. मी हे हिला फेरीत सांगत होतो आणि मला खरंच भरून आलं होतं, तर ही म्हणाली अहो पुढचं चाक माझ्या पायावर आहे.

देवळात मात्र गादीने घात केला. तोवर घामाने ती चड्डी दोन किलोची झालेली. सोमवार, शंकराचा वार, बऱ्यापैकी माणसं होती. भटजींनी बसा म्हटलं, मी मांडी घातली तर मी शेजारच्यापेक्षा चार बोटं उंच. बरं नुसता उंच नाही, डुलतोय. शेजारच्या काकांनी दोनदा माझ्याखाली पाट आहे का बघितलं. तीर्थ घ्यायला वाकलो आणि परत मागे टेकलो तेव्हा फुस्स असा आवाज झाला, तो गादीतल्या घामाचा होता हे मी शपथेवर सांगतो पण कुणाला सांगणार. शेजारचे काका सरकून बसले. ही खांबाकडे तोंड करून हसत होती, बघणाऱ्याला वाटलं असेल बाई सद्गदित झालीय.

जेवण. मी मनात कधीपासून हुमण-भात, तळलेला बांगडा असं धरून चाललो होतो. सोमवार मीच ठरवला होता. सोमवारी घरात शिवराक, मासे नाहीत, वर देवदर्शन झालेलं. हिने टोपलीतनं डबा काढला, ‘हॉलंडसारखं केलंय,’ चीज सँडविच. डिसेंबरचं ऊन असलं तरी ते गोव्यातलं ऊन, चीज विरघळून रुमालाला चिकटलेलं. शेवटी पोदेराच्या पोई आणि एका टपरीवर पातळ भाजी, ते मात्र असं लागलं की काय सांगू.

मयेच्या बाजूचा रस्ता मला नीट आठवत नाही. चढ होते. एका ठिकाणी मी झाडाखाली आडवा पडून ‘बसने जाऊ’ म्हटलं आणि हिने सायकली कुठं ठेवणार विचारलं, आणि मी म्हटलं इथेच, कायमच्या. कागदावरचे नंबर 6 नंतर मी बघितलेच नाहीत.

चोडणला पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं. फेरीच्या धक्क्याजवळ ते सलीम अलींच्या नावाचं पक्ष्यांचं अभयारण्य, खारफुटी, ओहोटी. आम्ही कठड्यावर बसलो, म्हणजे ही बसली, मी उभाच होतो, बसायचा विषय संपलेला. चिखलात निवटी उड्या मारत होती. डोळे वर, शेपटी पाण्यात, अंग चिखलात, धड पोहत नाहीत धड चालत नाहीत, दोन उड्या मारतात आणि तोंड उघडं टाकून पडून राहतात. ही बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. मग परत निवटीकडे.

‘काही बोलू नकोस,’ मी म्हटलं.

फेरी आली, चढलो. मांडवीवर केशरी उजेड, समोर रायबंदर, पणजीकडून येणारा तो 1630 च्या दशकातला पोर्तुगीजांचा लांबलचक बांध, त्यावर गाड्यांचे दिवे लागायला लागलेले. वारा छान. मी हिला म्हटलं झालं बरं का, तीन फेऱ्या, दोन बेटं, या वयात. ही पण खूष होती, केस उडत होते. नदीच्या बरोब्बर मध्यावर तिने विचारलं,

‘अहो, गाडी कुठं लावलीय आपण?’

मी रायबंदरकडे बघितलं. मग डावीकडे, वरच्या अंगाला, लांब, जिथे जुनं गोवं होतं तिकडे बघितलं. पाचेक किलोमीटर. सायकलला दिवा नाही. ताईंचं वाक्य आठवलं, बोट पुढे जाऊन थांबते. दिवसभर मी तुलना करत होतो, पवनचक्की, कालवा, बांध, सगळं जुळवलं, आणि त्या सगळ्या टूरमधली एकच कामाची गोष्ट, की तुमची बोट तुमच्या आधी पोचलेली असते, तेवढीच माझ्या नकाशात नव्हती. आमची वॅगनार सकाळपासून कमानीजवळच्या सावलीत निवांत उभी होती, तिला पुढे जायला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘कितें पात्राव, आजून पेट्रोल गावूंक ना?’

तोच. हेल्मेट अजून कोपरावरच. त्याची सासुरवाडी चोडणला निघाली. या वेळी मी हॉलंडपासून सुरुवात केली नाही, सरळ गाडीचं सांगितलं. त्याने हसू दाबायचा प्रयत्न पण केला नाही. मग सीटवर हात आपटून म्हणाला, ‘बसात फाटल्यान,’ म्हणजे बसा मागे.

ठरलं असं की ही दोन्ही सायकली घेऊन रायबंदरच्या धक्क्यावर थांबणार आणि मी जाऊन गाडी आणणार. उतरल्यावर मी त्याच्या मागे बसलो, बसलो म्हणजे गादीने मला त्याच्यापेक्षा उंच धरलं, त्याने आपलं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, कपाळावर ग्रीस होतंच. स्कूटर सुरू झाली तेवढ्यात ही म्हणाली थांबा थांबा, आणि फोटो काढला.

रात्री घरी आल्यावर, गरम पाण्याने शेकून झाल्यावर, पालथा पडून मी व्हॉट्सॲप उघडलं. फॅमिली ग्रुपवर तो फोटो होता, मी स्कूटरवर मागे, काळं कपाळ, तोंड उघडं. खाली हिने लिहिलेलं, ‘दिवस पहिला पूर्ण.’

ताईंचं उत्तर, ‘अगं तुमच्या टूरमधे पिकअप पण होता? आमच्यात नव्हता गं. पंक्चर झालं तेव्हा हे वाऱ्यात सहा किलोमीटर ढकलत गेले, दुसऱ्या दिवसापासून बोटीतच बसून होते, फोटोपुरते खाली उतरायचे.’

साडूंनी त्यावर नुसता अंगठा पाठवला होता.